दोन बोटांचा उंबरठा

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आमच्या घरातला सगळ्यात अवघड घाट कुठला, ते आम्हाला कळलं. मागीलदाराचा उंबरठा. साडेचार इंच उंच. चाळीसेक वर्षं ती दिवसातून शंभरदा तो ओलांडत होती: कधी हातात भांड्यांचं टोपलं, कधी कडेवर मी. आता वॉकरचे पुढचे दोन पाय उचलून पलीकडे ठेवायचे, मग स्वतःचा एक पाय, मग दुसरा. दोनदा करून बघितलं, तिसऱ्यांदा तिने दाराकडे पाठ फिरवली आणि माजघरात जाऊन बसली.

आमचं घर देवगड तालुक्यात, सड्यावरून म्हणजे वरच्या सपाट कातळावरून उतरणाऱ्या वाटेच्या कुशीत. पुढचं दार पूर्वेला, मागचं पश्चिमेला. पुढच्या बाजूला खळं, तुळस, येणारे-जाणारे, पोस्टमन. मागच्या बाजूला पडवी, विहीर, अळूचं वाफं, आठ-दहा माड आणि माडांच्या फटीतून समुद्राची एक निळी चिंधी. पाहुण्यांसाठी घराचं तोंड पूर्वेकडे असलं, तरी घरातल्या बायकांचं घर पश्चिमेकडेच बघत आलंय. संध्याकाळी कामं उरकली की आई मागच्या पडवीत बसायची. काही करायची नाही. नुसती बसायची. ऑपरेशननंतर तीन महिने ते बसणं बंद झालं होतं.

दार बदलायचं ठरलं ते एवढ्यासाठी. खरं तर दार आधीच गेलेलं होतं.

त्या भोकात आजवर दोन दारं झाली. पहिलं आजोबांच्या वेळचं, फणसाच्या लाकडाचं, दोन फळ्यांचं. फणस नवा असताना हळदीसारखा पिवळा असतो, पुढे काळपट तांबूस होतो. माझ्या आठवणीतलं दार जवळजवळ काळंच होतं. त्याला बिजागऱ्या नव्हत्या, वर-खाली लाकडातच घडवलेले खुंट उखळीत फिरायचे आणि पहाटे पहिल्यांदा दार उघडलं की सगळं घर जागं होईल असा आवाज व्हायचा. आतून आगळ, म्हणजे आडवा लाकडी अडसर. दिवेलागणीनंतर आजी देवाकडे बसलेली असायची तिथूनच विचारायची, ‘मागीलदाराक आगळ घातलात?’ घातलेली असली तरी विचारायची.

१९८६ साली बाबांनी ते दार काढलं. वाळवी तळाशी पोचली होती आणि बाबांना उजेड हवा होता. उत्तरेकडची भिंत दीड-दोन फूट मागे घेतली, वर काँक्रीटची लिंटेल टाकली आणि लोखंडी अँगलचं, काचा बसवलेलं रुंद दार आणलं. त्या काळात आमच्या वाडीत मागीलदारी काच बसवणं म्हणजे श्रीमंतीचा तोराच. आजी म्हणे चार दिवस स्वयंपाकघरात अवघडून वावरली, बाहेरून सगळं दिसतं म्हणून.

लोखंड आणि समुद्र यांचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. दरवर्षी मे महिन्यात खरवडून रंग, दरवर्षी दिवाळीपर्यंत पुन्हा फोड. पण गंज नुसता खात नाही, तो फुगतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा मागतो. चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या पट्ट्या आतल्या आत फुगल्या आणि त्यांनी भोवतालचे चिरे फोडले. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला समांतर वर गेलं, त्या रात्री दाराच्या दोन काचा गेल्या आणि स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी झालं. तेव्हापासून खालच्या अर्ध्या भागाला प्लायवूड ठोकलेलं होतं. म्हणजे उजेडही गेला, वाराही गेला, राहिला तो उंबरठा.

‘सरकतं दार बसवूया,’ मी म्हटलं. ‘काचेचं, मोठं. खाट इथे ओढली की खाटेवरून समुद्र दिसेल.’

आई म्हणाली, ‘दाराचा काय ता नंतर. माझो पाय किती उचलता ता आधी बघ.’

मी कोल्हापुरात कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. मोजायला सांगितलं की मला बरं वाटतं. भिंतीला टेकवून एक पट्टी उभी केली, आईला वॉकर धरून पाऊल टाकायला लावलं. सकाळी तीस मिलिमीटर. संध्याकाळी, पाय जड झाल्यावर, वीस. घासत गेला तर त्याहून कमी. म्हणजे दोन बोटं, आणि तीही दिवसाच्या चांगल्या वेळी.

आता दुसरं मोजमाप पावसाचं. आमचं मागीलदार नैर्ऋत्येच्या वाऱ्याच्या बरोबर तोंडावर आहे. देवगडच्या सड्यावर पवनचक्क्या उगाच नाही उभारल्या. वारा दारावर आपटतो तेव्हा त्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. सेकंदाला वीस मीटर वेगाचा वारा, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, साधारण २४० पास्कल दाब देतो. पाण्याच्या भाषेत हा दाब चोवीस-पंचवीस मिलिमीटर उंचीचा. सोप्या शब्दांत, सरकत्या दाराच्या खालच्या पन्हळीत पाणी साठलं आणि बाहेरून असा वारा ढोसत राहिला, तर पन्हळीतलं पाणी आतल्या बाजूला एक इंच वर चढतं. आतली कड त्याहून बुटकी असेल तर पाणी घरात. वादळात वारा ताशी १०८ किलोमीटरवर गेला की तेच पाणी साडेपाच सेंटिमीटर चढतं.

पावसाला अडवायला किमान एक इंच कड हवी. आईचा पाय संध्याकाळी इंचभरही उचलत नाही.

उंबरठ्याला आपल्याकडे काय काय चिकटलेलं आहे. त्यावर बसू नये, त्यावर उभं राहून शिंकू नये, देणं-घेणं करू नये, दसऱ्याला त्याला हळदकुंकू. हिरण्यकशिपूला घरात मरण नव्हतं आणि घराबाहेरही नव्हतं, म्हणून नरसिंहाने त्याला धरलं ते उंबरठ्यावर. या सगळ्याच्या मुळाशी मला त्या दिवशी पाणीच दिसायला लागलं. साडेचार इंच उंबरठा ठेवणाऱ्या माझ्या बाबांना पास्कल-बिस्कल काही माहीत नव्हतं. किती पावसात किती पाणी आत येतं, ते त्यांनी फडक्याने पुसून पाहिलेलं होतं.

मग कणकवलीच्या ॲल्युमिनिअमवाल्याचे उंबरठे झिजवणं सुरू झालं. प्लॅस्टिकची चौकट घ्यायची की ॲल्युमिनिअमची यावर दोन फेऱ्या गेल्या. प्लॅस्टिकची खाऱ्या हवेला भीत नाही. पण तिच्या पोटात ताकदीसाठी लोखंडी पट्टी असते आणि चौकटीचे कोपरे वितळवून जोडलेले असतात, नंतर हलवाहलव नाही. ॲल्युमिनिअमची सडपातळ, काच जास्त दिसते. आम्ही ॲल्युमिनिअमची घेतली, जाड पावडर कोटिंगची. स्क्रूंच्या बाबतीत मात्र मी हटून बसलो. साधा लोखंडी स्क्रू ॲल्युमिनिअममध्ये गेला आणि खारं पाणी लागलं की दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि झिजतं ते ॲल्युमिनिअम. स्टेनलेस हवा, आणि तोही ३१६ प्रतीचा. नेहमीच्या ३०४ मध्ये मॉलिब्डेनम हा धातू नसतो, ३१६ मध्ये असतो, समुद्राच्या मिठापुढे तोच टिकतो. दुकानदार म्हणाला, ‘सर, स्क्रूचे पैसे दारापेक्षा जास्त होतील.’ झाले नाहीत, पण त्याने ते म्हटलं त्या सुराची मला अजून गंमत वाटते.

काच टफन्ड. सहाशे अंशांच्या वर तापवून एकदम गार केलेली. फुटली तर तिचे बारीक बोथट खडे होतात, सुरे होत नाहीत. एकदा टफन्ड केली की मग ती कापता येत नाही. एक मिलिमीटरसुद्धा. हे वाक्य दुकानदाराने मला दोनदा ऐकवलं होतं आणि दोन्ही वेळा मी ‘हो हो, ठाऊक आहे’ म्हटलं होतं.

कारण आता माझ्या मूर्खपणाची पाळी येते.

माप मी घेतलं. दुकानदार म्हणत होता, माणूस पाठवतो. मी म्हटलं, कशाला, मी आयुष्यभर पोरांना मोजायला शिकवतोय. भोकाची रुंदी मधोमध मोजली: १७९६ मिलिमीटर. सहा मिलिमीटर सोडून चौकट १७९० ची सांगितली. वर, मध्ये, खाली अशी तीन मापं घेऊन त्यातलं सगळ्यात लहान धरायचं, त्यातूनही दोन्ही बाजूंना दहा-दहा मिलिमीटर सोडायचे, उंचीचंही तसंच, आणि शेवटी दोन्ही कर्ण मोजायचे, हे मला नंतर कळलं. म्हणजे ठाऊक होतं. एकाच मापावर विसंबू नका हे तर प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर असतं. स्वतःच्या घराच्या भिंतीवर अविश्वास दाखवायचं सुचलं नाही, एवढंच.

दार टेम्पोतून आलं. मेस्त्री सकाळी सातला हजर. वय सत्तरीचं, बाबांबरोबर याच भिंतीवर त्यांनी तरुणपणी रेती चाळलेली. त्यांनी चौकटीकडे बघितलंच नाही. ओळंबा काढला, भोकात सोडला, मागे सरून बराच वेळ बघत राहिले. मग टेप.

‘खाली अठराशे तीन. मदी छान्नव. वर,’ ते थांबले, ‘सतराशे अठ्ठ्यांशी.’

चौकट १७९०. भोक वरच्या बाजूला १७८८.

मी काहीतरी पुटपुटलो, भिंत इतकी तिरकी कशी म्हणून. मेस्त्री म्हणाले, ‘जुन्या घराक काटकोन खयसून येतलो, सर? घर बसता. माणूस बसता तसा.’

फ्रान्सिस बुकानन नावाच्या इंग्रजांच्या डॉक्टराने मलबारात फिरताना हा तांबडा दगड पाहिला, लोक तो विटेसारखा कापतात हे पाहिलं आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटिनमधल्या विटेवरून लॅटेराइट हे नाव दिलं. आमचा जांभा तो हाच. खाणीत असताना मऊ, कुऱ्हाडीने तासता येईल असा. वारा लागला की वर्षानुवर्षं कडक होत जाणारा. नाव विटेचं असलं तरी स्वभाव विटेचा नाही. एक चिरा भरीव लोखंडासारखा, त्याच्या शेजारचा मधाच्या पोळ्यासारखा पोकळ. अशा दीड फूट जाडीच्या भिंतीत सरळ रेष शोधणारा मीच.

काच कापता येत नाही. चौकट कापली तर मधोमध दोन झडपांची जिथे गाठ पडते ती चुकणार. परत पाठवलं तर नवीन काच, नवे पैसे, आणि पंधरा दिवसांवर मिरग. मेस्त्रींनी उत्तरेकडच्या बाजूवर, बाबांनी मागे घेतलेल्या भिंतीवर, हाताने ठोकत ठोकत वरपासून खालपर्यंत कान दिला. ‘हय गिलावो जाड आसा,’ म्हणाले. ‘तुझ्या बापाशीन कायतरी बुजवल्यान हा.’

छिन्नी लागली. गिलावा खरोखरच बोटभर जाड होता. कमरेएवढ्या उंचीवर आल्यावर एक मोठा पापुद्रा सुटला आणि मागे चौकोनी भोक दिसलं. भोक म्हणजे भोक नव्हतंच, भरलेलं होतं. लाकडाचं तोंड, करवतीने भिंतीच्या पातळीला कापलेलं.

मी आईला हाक मारली. ती वॉकर टेकत आली, लांबूनच बघितलं.

‘आगळ ती,’ ती म्हणाली. ‘पावसात फुगलली. निघूक नाय, म्हणान तुझ्या बापाशीन कापल्यान.’

आगळीची घडण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जाड भिंतीत एका बाजूला लांब बोगदा ठेवलेला असतो. दिवसा आख्खी आगळ त्या बोगद्यात सरकवून ठेवायची, नुसतं तोंड बाहेर. रात्री ती ओढून दाराच्या पाठीमागून पलीकडच्या भिंतीतल्या खोबणीत घालायची. कुलूप नाही, किल्ली नाही, हरवायचं काही नाही. आणि हे बोगदे भिंत बांधतानाच ठेवावे लागतात, मागाहून पाडता येत नाहीत. म्हणजे आजोबांनी जोत्यावर तिसरा-चौथा थर चढवतानाच ठरवलेलं होतं की रात्री दार कसं लावायचं.

लाकूड निघता निघेना. मेस्त्रींनी त्याच्या तोंडात दोन लांब स्क्रू पिळले, त्यांना तार बांधली आणि आम्ही दोघांनी पाय भिंतीला लावून ओढलं. तीन फुटांहून थोडी जास्त आगळ बाहेर आली. जवळजवळ चाळीस वर्षं कोरड्या अंधारात राहिलेला फणस. वाळवीचा एक ठिपका नाही. पुसल्यावर आतून पिवळा रंग डोकावला.

ती भिंतीला उभी करून ठेवली आणि कामाला लागलो, कारण पावसाचं काय ते अजून ठरायचं होतं.

तोड मेस्त्रींनीच काढली, तीही माझं सगळं गणित ऐकून घेतल्यावर, शांतपणे विडी विझवत. मी सारखा विचार करत होतो की कड वर किती काढायची. त्यांनी विचारलं, ‘वर कित्याक? खाली घाला ना.’ आमची पडवी घरापेक्षा चार इंच खाली आहे. बाबांचा काँक्रीटचा उंबरठा फोडून काढायचा, जमिनीतच चाळीस मिलिमीटर खोल चर मारायची आणि दाराची पन्हळ त्या चरीत उतरवायची. आतली कड बरोबर लादीच्या पातळीला. पाणी बाहेर सोडणारी भोकं चाळीस मिलिमीटर खाली, पडवीच्या बाजूला. वाऱ्याने पाणी पंचवीस मिलिमीटर चढवलं तरी अजून पंधरा शिल्लक. मी मनात गणित केलं: ताशी नव्वद किलोमीटरच्या वाऱ्यापर्यंत निभावेल. त्यापुढे जुने टॉवेल.

‘पाण्याक वाट दिली नाय तर ता आपली काढता,’ मेस्त्री म्हणाले.

पुढचे दोन दिवस मी त्यांचा गडी. चरीचा तळ बाहेरच्या बाजूला किंचित उतरता केला. वर जाड प्लॅस्टिकचा पापुद्रा, मागे आणि दोन्ही टोकांना ताटाच्या काठासारखा वर वळवलेला, म्हणजे पन्हळ गळली तरी ते पाणी भिंतीत न मुरता बाहेरच जावं. ओल्या सिमेंटचा अल्कधर्मी खार ॲल्युमिनिअमला खातो, त्यामुळे चौकटीवरची निळी चिकटपट्टी शेवटपर्यंत काढायची नाही असा माझा हुकूम. तो मात्र पाळला गेला. भिंत दीड फूट जाड, चौकट जेमतेम चार इंच. ती कुठे बसवायची? मला बाहेरच्या कडेला हवी होती, समुद्र जास्त दिसावा म्हणून. मेस्त्रींनी आतल्या बाजूला घेतली. ‘भिंतीक छत्री करू दे.’

मग पाचरी. हे काम मी तासभर नुसतं बघत बसलो. चौकट भोकात उभी, चारी बाजूंना फट, आणि मेस्त्री प्लॅस्टिकच्या बारीक पाचरी इथे एक, तिथे दोन अशा सरकवतायत. एका बाजूला दहा मिलिमीटरची फट, दुसरीकडे पंचवीसची. भिंत होती तशी तिरकीच राहिली. तिरकेपणा सगळा पाचरींनी पोटात घेतला आणि मध्ये चौकट ओळंब्याला सरळ उभी राहिली. दोन्ही कर्ण मोजले. तीन मिलिमीटरचा फरक. एक पाचर काढली, दुसरी ठोकली. एक मिलिमीटर. ‘पुरे,’ मी म्हटलं. त्यांनी अजून एकदा ठोकलं.

जांभ्यात ड्रिल मारताना हातोड्याचा दणका बंद ठेवायचा, नाहीतर चिरा भुगा होऊन पडतो. विस्फारून पकडणारे लोखंडी बोल्ट इथे कामाचे नाहीत, ते दगडच फोडतात. लांब स्क्रू, लांब नायलॉनचं बूच, आणि भोक पोकळीत गेलं तर दोन इंच सरकून पुन्हा. आगळीच्या बोगद्यापाशी अर्थातच काहीच धरेना. तोंडाकडचा हातभर भाग काँक्रीटने भरला. मागचा बोगदा तसाच आहे, भिंतीच्या आत, रिकामा. फटीत फोम, बाहेरून सिलिकॉन.

चौकटीबाहेर खाली गेलेल्या भागावर आईनाच्या लाकडाच्या पट्ट्यांची जाळी केली, बोटभर फटी ठेवून, लादीच्या पातळीला. पाणी फटीतून खाली, माणूस वरून. तिथून पुढे पडवीपर्यंत तशाच पट्ट्यांचा चार फुटांचा उतार, इंचाला फूट या हिशेबाने. दोन्ही उचलून बाजूला ठेवता येतात, खालचा पाला काढायला.

आईने पहिल्यांदा दार ओलांडलं तेव्हा वॉकर सरळ गेला आणि ती स्वतः अडली. तिथे आल्यावर तिचा पाय वर उठला, होता तेवढा, दोन बोटं, आणि सपाट जमिनीवर परत टेकला. अजूनही उठतो. फिजिओथेरपीवाली म्हणते, छानच व्यायाम आहे, उठू दे.

मिरगाला चार दिवस झाले आणि खरा पाऊस आला, तो रात्री. दिवे गेलेले. मी बॅटरी घेऊन पन्हळीपाशी उकिडवा बसलो होतो, परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक बसतो तसा. वाऱ्याचा झोत आला की काच किंचित आत यायची, पन्हळीतलं पाणी थरथरत वर चढायचं, भोकांतून बुडबुडे आत येताना गुडगुड ऐकू यायची. झोत ओसरला की तेच पाणी घोट घेतल्यासारखं बाहेर. एकदा ते लादीच्या खाली नखभर अंतरावर आलं. मी टॉवेल उचलला. तिथूनच ते खाली उतरलं. उत्तरेच्या कोपऱ्यात सकाळी थोडी ओल होती, सिलिकॉनची रेघ तुटलेली निघाली. मेस्त्री येऊन करून गेले.

एक गोष्ट राहिली होती. सरकत्या दाराचं कुलूप म्हणजे एक चिमुकला आकडा, आणि आईचा त्यावर काडीचा विश्वास नाही. तिचं म्हणणं चुकीचंही नाही. बाहेरून नेटाने उचललं तर असे आकडे सुटतात. मेस्त्रींनी आगळ उभी चिरून घेतली, रंधा मारला आणि एक पट्टी काढली, पन्हळीत बरोबर बसेल अशी. लांबीला ती दोन बोटं जास्त होती, तेवढी कापली. झडप बंद केली की ही पट्टी मागच्या मोकळ्या पन्हळीत टाकायची. मग दार बाहेरून कुणी कितीही ओढलं तरी हलत नाही. रंधल्यावर ती हळदीसारखी पिवळी दिसत होती. दोन महिन्यांत काळवंडायला लागलीय.

मी कोल्हापुरात असलो की रात्री साडेआठला फोन येतो. जेवलास का, मुलांचं काय, पाऊस आहे का तिकडे. मग मागे कामवाल्या बाईंच्या भांड्यांचा आवाज, आणि फोन तोंडापासून जरा दूर धरून, त्यांना उद्देशून, आजीच्याच सुरात:

‘गे, मागीलदाराक आगळ घातलस?’